नमुन्यादाखल एक नोटीस

कोटेशनकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ठेवणाऱ्याने आधी तीन नावं मागवून, त्यांची तुलना करून, मग हे नक्की केलं नसणार, एवढीच काकांची त्या नावाबद्दल तक्रार होती.

पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. तिथे नळाच्या वायसरपासून मोठ्या पंपापर्यंत काहीही घ्यायचं तर तीन ठिकाणांहून लेखी भाव मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि ऑर्डर देण्यापूर्वी मालाचा नमुना हातात घेऊन बघायचा. खातं सुटलं, पण खोड सुटली नाही. मध्यंतरी त्यांनी छत्री घ्यायचं मनावर घेतलं होतं, तर तिसरं कोटेशन येईपर्यंत पाऊस संपला. काकूंना या सगळ्याचं काही वाटेनासं झालं होतं. "लग्नाच्या वेळी तेवढी घाई केलीत," त्या म्हणत, "एकाच कोटेशनवर ऑर्डर दिलीत."

तर अशा या घरात एका शनिवारी संध्याकाळी लेक आली, चहाचा कप हातात घेतला, आणि तो निवेपर्यंत नुसती धरून बसली. मग म्हणाली, "आई, बाबा, आम्ही दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलंय."

काकूंनी आधी जावयावर संशय घेतला. "त्याने काही केलं का?"

"नाही."

"मग तू काही केलंस?"

"नाही गं आई. कुणीच काही केलं नाही, तेच तर झालं. सहा वर्षांत आमचं एक धड भांडणसुद्धा नाही. मी क्लिनिकमधून येते, तो कॉलेजमधून येतो, एकमेकांना 'जेवलास का, जेवलीस का' विचारतो आणि आपापल्या खोलीत जातो. आम्ही दोघं चांगले शेजारी आहोत. पण शेजाऱ्यांशी कुणी लग्न करून राहतं का?"

लेक दातांची डॉक्टर होती. दुखत नसलं तरी कुठला दात राहणार नाही हे तिला बघताक्षणी कळायचं, आणि एकदा कळल्यावर ती वाट बघत बसायची नाही. काकू थोडं रडल्या, मग त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, निवलेला चहा परत गरम करून आणला. काका मात्र उठले आणि गॅलरीत जाऊन कपाटाजवळ उभे राहिले.

या कपाटाबद्दल सांगितलंच पाहिजे. जावई तांत्रिक कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकवायचा. काका त्याला बापू म्हणत. लग्नानंतर सहा महिन्यांनी बापूने सासऱ्यांच्या फायली ठेवायला एक कपाट करून द्यायचं कबूल केलं, आणि तेव्हापासून दर रविवारी दहा ते एक दोघं गॅलरीत कपाट करत होते. साडेपाच वर्षं झाली, कपाट चालूच होतं. त्यातली पहिली दोन लाकडाच्या कोटेशनांत गेली, हे मान्य. पण पुढचं काय? पुढचं असं, की बापू कापायचा आणि काका फळीचं दुसरं टोक धरायचे. "धरा." "सोडा." "जरा डावीकडे." तीन तासांत एवढंच बोलणं. तरीही चौतीस वर्षं नोकरी करून, शेकडो माणसांशी पत्रव्यवहार करून, या माणसाला कुणाशी बोलल्याचं समाधान मिळत असेल तर ते या तीन तासांत. कपाट संपलं की रविवार संपणार, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. म्हणून शनिवारी दुपारी काकू आडव्या झाल्या की काका मोज्यांच्या खणात लपवलेला स्क्रू ड्रायव्हर काढत आणि दाराच्या बिजागरीचे दोन स्क्रू दोन-दोन आटे सैल करून ठेवत. रविवारी दार लोंबकळलेलं दिसायचं. "लाकूड फुगतं," काका गंभीरपणे म्हणायचे. बापू मान हलवायचा आणि बिजागरी पुन्हा बसवायला घ्यायचा.

त्या शनिवारी काका दाराकडे बघत राहिले. लेकीचं पुढे काय होणार ही काळजी होतीच, पण ती हुशार आहे, कमावती आहे, तिचं ती बघेल असा भरवसाही होता. स्वतःचं कसं होणार, याचा मात्र त्यांना भरवसा नव्हता. मुलीचा घटस्फोट होतोय आणि आपल्याला जावयाची पडली आहे, याची त्यांना लाज वाटली. लाज वाटली तरी पडलीच होती.

आत येऊन ते म्हणाले, "वकील मी बघतो."

लेकीने आईकडे पाहिलं. "बाबा, कोटेशनं मागवू नका हं."

"छे!" काका म्हणाले. काकांच्या "छे"चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता.

"आणि एक. सगळं पार पडेपर्यंत बिल्डिंगमध्ये कुणाला कळायला नको. माझे निम्मे पेशंट इथलेच आहेत. तोंडात ड्रिल असताना लोक डोळ्यांनी चौकशा करतात."

"ताकास तूर लागू देणार नाही," काकांनी शब्द दिला. पुढे जे काही रामायण झालं ते या एका शब्दापायी.

सोमवारी सकाळी काकांनी नवी फाइल उघडली आणि प्रक्रिया समजून घ्यायला कौटुंबिक न्यायालय गाठलं. चौकशीच्या खिडकीमागे एक बाई विणत होत्या.

"घटस्फोटाची माहिती हवी होती."

"कुणाचा?"

काकांना शब्द आठवला. "सर्वसाधारण."

"सर्वसाधारण घटस्फोट इथे मिळत नाही," बाई म्हणाल्या. "खिडकी चार."

खिडकी चारने खिडकी सात दाखवली. सातने सांगितलं की ही माहिती चौकशीच्या खिडकीत मिळते. दुसरा कुणी असता तर भडकला असता, पण काकांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. ते परत विणणाऱ्या बाईंकडे गेले, त्यांच्या स्वेटरच्या बाहीचं माप चुकतंय हे त्यांनी नम्रपणे दाखवून दिलं, आणि बाईंनी खूश होऊन सगळं सविस्तर सांगितलं. दोघांची संमती असली तर दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. वाटण्या, देणीघेणी, सामानसुमान, सगळं आधी ठरवून संमतीच्या अटींच्या कागदावर लिहायचं. मग समुपदेशक दोघांशी बोलतात, कोर्ट विचार करायला काही महिने देतं, नंतर पुन्हा बोलावून विचारतं की मत बदललंय का. नसेल तर हुकूमनामा. काकांनी हे सगळं लिहून घेतलं आणि वाचून पाहिलं. पंपाच्या खरेदीपेक्षा पायऱ्या कमी होत्या, हे बघून त्यांना बरं वाटलं नाही.

पहिले वकील काचेच्या केबिनमधले. त्यांच्या टेबलावर वाळूचं घड्याळ होतं आणि काका खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी ते उलटं केलं. "आपण जिंकणार," ते म्हणाले.

"पण भांडणच नाहीये."

"ते आपण उभं करू. घर कुणाच्या नावावर? दागिने? मोठं फर्निचर काही?"

"एक कपाट आहे," काकांच्या तोंडून निसटलं. "अपुरं."

"कपाट सोडायचं नाही," वकील टेबलावर हात आपटून म्हणाले. काकांना हा माणूस क्षणभर आवडला. पण तेवढ्यात वाळू संपली.

दुसरे वकील कोर्टासमोरच्या जिन्याखाली बसत. त्यांच्या पाटीवर घटस्फोट, भाडेकरार, अपघात, नावात बदल आणि सगळ्यात खाली लॅमिनेशन असं लिहिलं होतं. त्यांच्या शेजारी एक वयस्कर टायपिस्ट, कानाला पेन्सिल लावून, कुणाकडेही न बघता टाइप करत असायचे.

"बोला, कुणाची केस?" वकिलांनी विचारलं.

"एका ओळखीच्या माणसाची," काका म्हणाले.

वकील समजूतदारपणे हसले. तीस वर्षांच्या वकिलीत त्यांच्याकडे आलेला प्रत्येक नवरा पहिल्या दिवशी एका ओळखीच्या माणसासाठीच आलेला होता. "बरं. त्या माणसाच्या तक्रारी काय?"

इथे काकांचा खरेदी विभाग जागा झाला. "तक्रारींचं नंतर. आधी मला तुमच्या कामाचा नमुना बघायचाय. एखादी नोटीस तुम्ही कशी लिहिता, भाषा कशी, मांडणी कशी. नमुना पसंत पडला तर पुढचं बोलू."

"नोटिशीत नावं तर लागतील. हवेत कशी लिहिणार?"

लेकीचं नाव द्यायचं नव्हतं, जावयाचं तर नव्हतंच. खोटं नाव देणं खात्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. "असं करा," काका म्हणाले, "समजा, माझीच नोटीस आहे. माझ्या बायकोला."

"समजा," वकील म्हणाले आणि त्यांनी टायपिस्टकडे पाहून एक डोळा मिटला. "काय काय त्रास आहे? समजा."

काकांनी डोकं खाजवलं. सुरुवातीला त्यांना काही सुचेना. मग एक सुचलं. मग दुसरं. पंधरा मिनिटांनी वकिलांना "पुरे, पुरे, नमुन्याला एवढं पुष्कळ झालं" असं म्हणावं लागलं. काकांनी नाव-पत्ता लिहून दिला, नमुना पोस्टाने पाठवा म्हणून सांगितलं, आणि हलक्या मनाने घरी आले. तिसऱ्या वकिलाकडे गुरुवारी जायचं त्यांनी ठरवलं होतं.

बुधवारी दुपारी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. ते काकूंच्या नावावर होतं, त्यामुळे त्याने सही काकूंचीच घेतली. "वकिलाचं दिसतंय," तो म्हणाला, आणि समोरचं दार उघडलं. समोरच्या बाईंना बिल्डिंगमध्ये दुर्बीणबाई म्हणत. त्यांच्या दाराला भोक होतं, आणि ते कधीच रिकामं नसायचं.

"कुणाचं हो?" दुर्बीणबाई.

काकूंनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. दुर्बीणबाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाचायला सुरुवात केली. बाईंना दूरचं चांगलं दिसायचं.

"माझ्या अशिलाच्या वतीने तुम्हांस कळविण्यात येते की," असं म्हणून पुढे नोटिशीत ओळीने कलमं घातली होती. एक, तुम्ही माझ्या अशिलाच्या आधी वर्तमानपत्र उघडता व घडी मोडून ठेवता. दोन, पंखा एकवर असावा असे माझ्या अशिलाचे ठाम मत असता तो तीनवर करता. तीन, माझ्या अशिलाच्या कामाच्या पद्धतीची चारचौघांत चेष्टा करता. चार, माझ्या अशिलाने सांगितलेली गोष्ट, तीच समोरच्या शेजारणीने सांगितल्यावरच खरी मानता. पाच, घरात आठवडाभर माझ्या अशिलाशी कुणी धड बोलत नाही, रविवार तेवढा बरा जातो. सबब या असह्य छळास कंटाळून माझे अशील विवाह संपुष्टात आणू इच्छितात.

"चार नंबरमध्ये मी आहे," दुर्बीणबाई भरल्या गळ्याने म्हणाल्या. कायद्याच्या कागदावर त्या पहिल्यांदाच येत होत्या.

काका भाजी घेऊन आले तेव्हा जिन्यातच त्यांना तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर भेटले. मास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला. "धाडस केलंत. मीही दरवर्षी विचार करतो. पण नवीन माणसाला माझ्या औषधांच्या वेळा कोण शिकवणार?" पहिल्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. त्यांना भावनांशी कर्तव्य नव्हतं. घर एकाचं झालं तर भागपत्रावरचं, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवरचं, नाव बदलावं लागेल, त्याला दोघांचा अर्ज लागेल, आणि घर सोडणाऱ्याने पार्किंगचं स्टिकर खरडून परत करायचं, हा नियम त्यांनी सांगितला. "स्कूटर कोण नेणार, तेवढं लवकर ठरवा," ते म्हणाले.

काकांना काहीच उलगडेना. वर येऊन पाहतात तो काकू डायनिंग टेबलाशी बसलेल्या, समोर नोटीस. पंखा एकवर होता. तो एकवर बघूनच काकांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि नोटीस उचलून वाचली.

"अगं, तो नमुना आहे!"

"हो का? चांगला आहे."

"खरंच सांगतो. आपलं काम आहे ना, त्याच्यासाठी मागवला होता. नमुन्यादाखल."

"आणि नमुन्यादाखल पाच सुचल्या? न अडखळता?"

 अडखळलो होतो, असं काकांना सांगावंसं वाटलं, पण ते फार वेळ अडखळले नव्हते हे त्यांनाही आठवत होतं. काकूंनी नोटिशीची घडी घातली, अगदी कडेला कड जुळवून, आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या चिडल्या असत्या तर काकांना चाललं असतं. पण त्या चिडल्या नव्हत्या, त्यांचं कुठेतरी लागलं होतं, आणि ते काकांना स्वयंपाकघरातल्या आवाजावरून कळत होतं. भांडी अजिबात वाजत नव्हती.

खरी पंचाईत पुढे होती. नमुना कसला, कशासाठी, हे बिल्डिंगला सांगायचं तर लेकीचं सांगावं लागणार. शब्द तर दिलेला. संध्याकाळपर्यंत सात जणांनी सल्ला दिला, त्यांतल्या तिघांनी दोन्ही बाजूंना वेगवेगळा दिला. काका खाली मान घालून ऐकत राहिले. आयुष्यात कधी कुणाकडून चहाचा कप फुकट न घेतलेला हा माणूस, आणि आता पोरंसोरं त्यांच्याकडे बघून कुजबुजायला लागली. काकूंना दुर्बीणबाईंनी विचारलं, "मग काय, तुम्हीही तयार आहात का?" काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "विचार चालू आहे." लेकीचं नाव त्यांनीही काढलं नाही. त्या क्षणी काकांना बायकोबद्दल जे वाटलं ते कुठल्याही तक्त्याच्या रकान्यात बसणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी जिन्याखालच्या वकिलांना गाठलं. "नोटीस मागे घ्या."

"अशी कशी घेणार? जावक नंबर पडलाय," वकील म्हणाले. टायपिस्टने रजिस्टर उघडून नंबर दाखवला.

जावक नंबर म्हटल्यावर काकांनी तो फाइलमध्ये टिपून घेतला. दुसऱ्या कशाशीही त्यांनी वाद घातला असता.

"एक करता येईल. तिकडून वकिलामार्फत उत्तर येऊ द्या, की मजकूर मान्य नाही. मग आपण कळवू की विषय संपला. म्हणजे फाइल बंद करता येईल."

हे घरी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "मग मी वकील करते." पायात चपला घातल्या आणि निघाल्या. काका मागोमाग. शिंप्याच्या दुकानावर पहिल्या मजल्याला एका वकीलबाईंची पाटी होती, एवढ्या आधारावर काकू जिना चढल्या.

"अगं, बाकीच्या दोघांचे तरी भाव..."

"विरुद्ध पक्षाने माझ्याशी बोलू नये," काकू म्हणाल्या.

वकीलबाई पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली आणि टेबलावर डोकं टेकून हसल्या. खालच्या शिलाई मशीनचा आवाज क्षणभर थांबला, इतक्या हसल्या. मग डोळे पुसत त्यांनी वही ओढली. "उत्तर द्यायचं तर मला माहिती हवी. यातलं खरं किती?"

"एक ते चार खरं आहे," काकू म्हणाल्या. मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "पाचवं मला माहीत नव्हतं."

काका खिडकीबाहेर बघू लागले. वकीलबाईंनी काही लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, की मुळात या नमुन्याची गरज कुणाला पडली. मग काकूंनी लेकीचं सगळं सांगितलं. काकांनी फाइल पुढे केली. त्यात प्रक्रियेचा आराखडा होता, तीन रकान्यांचा तक्ता होता, काचेच्या केबिनची दिशा दाखवणारा नकाशासुद्धा होता.

वकीलबाईंनी सगळं शेवटपर्यंत वाचलं. "काका, काम झकास आहे. पण ज्यांचा घटस्फोट आहे त्यांना अजून कुठल्याच वकिलाने पाहिलेलं नाही. त्या दोघांना घेऊन या."

शनिवारी चौघं वकीलबाईंच्या समोर बसले. लेकीला नोटिशीचं कळलं तेव्हा ती आधी ओरडली, मग हसली, मग तिने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "एवढं ऐकून घेतलंत माझ्यासाठी? सांगून टाकायचं ना."

"शब्द दिला होता," काका म्हणाले.

बापू नेहमीसारखा शांत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात पट्टी होती. दोघांनी मिळून यादी करून आणलेली होती, घर कुणी ठेवायचं, फ्रिज कुणाचा, पुस्तकं कुणाची. एका पुस्तकावर दोघं अडले, तेही "तू घे", "नाही, तू घे" अशा वादात. वकीलबाईंनी दहा कलमं लिहून काढली. "मुलं नाहीत, म्हणजे ताब्याचा, भेटींचा प्रश्न नाही. छान. आणखी कुणाला काही विचारायचंय?"

काकांनी घसा साफ केला. "मुलं असती तर भेटी ठरवता येतात ना?"

"येतात. आईकडे मूल असलं तर बाप आठवड्यातून भेटू शकतो."

"तसं," काकांनी फाइलची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली, "तसं सासऱ्याचं काही कलम आहे का? म्हणजे, सासऱ्याला जावई भेटण्याबद्दल. आठवड्यातून तीन तास. जास्त नाही."

 काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांना वाटलं आपण नको ते बोललो. लेकीचं मोडतंय आणि आपण काय मागतोय.

"कायद्यात नाही, काका," वकीलबाई हळूच म्हणाल्या. "घटस्फोट झाला की ते नातंच उरत नाही."

"बरं," काका म्हणाले. "नुसतं विचारलं. कपाट अपुरं होतं म्हणून. ती बिजागरी सारखी सैल होते. लाकूड फुगतं."

"बाबा," बापू म्हणाला. तो इतका कमी बोलायचा की सगळे वळले. "सागवानाचं दार दर शनिवारी दोनच आटे फुगत नाही."

काका लाल झाले. "म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. मी पण स्क्रू हातानेच बसवत होतो. घट्ट केले असते तर तुम्हाला सोडवता आले नसते."

लेक हे ऐकत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांत याने इतकं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर, असं तिच्या मनात आलं असेल, नसेलही. ती बोलली ते असं, "रविवारी सकाळी मी क्लिनिकला असते. दहा ते एक. घ्या तुम्ही दोघं. माझी हरकत नाही."

"लेखी?" काका म्हणाले. सवय.

वकीलबाईंनी पेन उचललं. "संमतीच्या अटी आहेत. ज्याला दोघांची संमती, ते लिहिता येतं." आणि त्यांनी अकरावं कलम लिहिलं.

पुढे सगळं त्या विणणाऱ्या बाईंनी सांगितलेल्या क्रमाने झालं. समुपदेशक झाल्या, मधले महिने गेले, बिल्डिंगला खरं कळलं, आणि दुर्बीणबाई चौथ्या कलमातून निघाल्याचं दुःख करत बसल्या. शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी अटी वाचायला घेतल्या. दहा कलमं भराभर झाली. अकराव्याशी ते थांबले आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "गॅलरीतील कपाट पूर्ण होईपर्यंत पती दर रविवारी सकाळी दहा ते एक पत्नीच्या वडिलांकडे येईल. यास पत्नीची संमती आहे." त्यांनी चष्म्यावरून बापूकडे पाहिलं. "हे कपाट कधी पूर्ण होणार?"

बापू उठून उभा राहिला. "मुठींची कोटेशनं यायची आहेत, साहेब."

"किती?"

"तीन."

न्यायाधीशांनी मागच्या बाकावर फाइल घेऊन बसलेल्या काकांकडे एकदा बघितलं आणि सही केली.

बाहेर पायऱ्यांवर लेक आणि बापू थोडा वेळ उभे होते. तिने त्याला "नीट राहा" असं सांगितलं, त्याने तिला "तूही" म्हटलं. मग ती आईबरोबर रिक्षात बसली. ती रडत नव्हती, पण तिने आईचा हात घरापर्यंत सोडला नाही. त्या दिवशी शुक्रवार होता. शनिवारी ती दिवसभर माहेरी झोपून राहिली आणि काका तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसून राहिले. जेवण झालं, दुपार गेली, संध्याकाळ झाली. बिजागरीची त्यांना आठवणही झाली नाही.

ती झाली रविवारी, लेक क्लिनिकला गेल्यावर, दहाला पाच मिनिटं कमी असताना. काका धावत गॅलरीत जाणार तोच बेल वाजली. बापू आला, खिशात पट्टी. काकूंनी दार उघडलं आणि "ये" म्हणाल्या. काकांचा चेहरा पडला होता. आज दार सरळ असणार. आज करायला काही नाही. न्यायाधीशांसमोर ठरलेलं कपाट, मुठी सोडल्या तर, पहिल्याच रविवारी पूर्ण.

दोघं गॅलरीत गेले. कपाटाचं दार लोंबकळत होतं. दोन आटे नव्हते, चांगले पाच-सहा आटे सैल केलेले होते, आणि एक स्क्रू तर पार निघून खाली पडला होता.

काकांनी बापूकडे पाहिलं. बापूने मान हलवली, मी नाही. काका आत गेले, मोज्यांचा खण उघडला. स्क्रू ड्रायव्हर नव्हता. ते स्वयंपाकघरात आले. काकू ओट्याकडे तोंड करून चहा गाळत होत्या. चमच्यांचा खण अर्धवट उघडा होता, आणि चमच्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर आडवा पडलेला होता.

"लाकूड फुगतं," काकू मागे न बघता म्हणाल्या, आणि त्यांनी चहाचे दोन नाही, तीन कप भरले. "चला. आज फळीचं टोक मी धरते."